मांडूळ, मोबाइल आणि कायदा

मांडूळ तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले असेल. नांगरटीच्या वेळी, पडीक रानात, बांधाच्या भुसभुशीत मातीत ते सापडते. तांबूस मातकट रंग, गुळगुळीत अंग, हात-दीड हात लांबी आणि शेपूट इतके बोथट की डोके कोणते नि शेपूट कोणते हे चटकन उमगू नये. म्हणून त्याला दुतोंड्या म्हणतात. सहा महिने एका तोंडाने चालते आणि सहा महिने दुसऱ्या, असे आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकलेले आहे. तोंड त्याला एकच असते. डिवचले की ते डोके वेटोळ्यात लपवते आणि शेपूट वर करते. घाव बसायचाच तर तो शेपटीवर बसावा आणि डोके वाचावे, एवढीच त्यामागची युक्ती. गारुडी लोकांनी याच युक्तीचा फायदा घेऊन शेपटीवर जखमा करून डोळे आणि तोंड उमटवले आणि दोन तोंडांचा साप म्हणून गावोगाव दाखवला.

हा साप बिनविषारी आहे. बराच वेळ तो मातीखाली असतो, रात्री बाहेर पडतो आणि उंदीर खातो. पिकाच्या आणि साठवणीच्या धान्याच्या दृष्टीने पाहिले तर शेतकऱ्याला याच्यासारखा बिनपगारी राखणदार मिळायचा नाही. मादी अंडी घालत नाही, पिलांनाच जन्म देते आणि एका वेळी होणारी पिले मोजकीच असतात. एखाद्या शिवारातून चार-दोन मोठी मांडुळे उचलून नेली तर ती जागा भरून यायला बराच काळ लागतो, हे यावरून तुमच्या लक्षात येईल.

इतक्या गरीब जनावराविषयी रेडिओवरून बोलायचे कारण काय, असे तुम्ही म्हणाल. कारण असे की, आज ज्या वन्य जिवांचा चोरटा बाजार मोबाइलवरून सर्वांत उघडपणे चालतो, त्यांत मांडूळ फार वरच्या क्रमांकावर आहे, आणि हा बाजार आपल्या दारातला आहे. वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन सोसायटी–इंडिया या संस्थेने २०१६ ते २०२१ या काळातल्या वर्तमानपत्री बातम्या गोळा करून पाहिल्या. मांडूळ पकडल्याची १७२ प्रकरणे तिला अठरा राज्यांत आणि एका केंद्रशासित प्रदेशात सापडली. त्यांपैकी ५९ एकट्या महाराष्ट्रातली होती. दुसरा क्रमांक उत्तर प्रदेशाचा, तिथे ३३. ही उघडकीस आलेली प्रकरणे, उघडकीस न आलेल्यांचा हिशोब कोण ठेवणार? त्याच संस्थेला २०२१ मध्ये यूट्यूबवर मांडुळाच्या विक्रीला हातभार लावणारे असे सुमारे दोनशे व्हिडिओ आढळले.

मांडुळाला एवढी किंमत कशामुळे? त्यामागे निव्वळ समजुती आहेत. कुणी म्हणतो ते घरात ठेवले की गुप्तधन दिसते, कुणी म्हणतो त्यापासून दुर्धर रोगांवर औषध होते, कुणी वशीकरणाचे सांगतो. वजन जितके जास्त तितका भाव, असाही एक ठोकताळा या धंद्यात आहे, आणि आकडे थेट लाखा-कोटींत बोलले जातात. वजन भरावे म्हणून जिवंत सापाच्या पोटात लोखंडी छर्रे कोंबल्याच्या बातम्या आलेल्या आहेत. अमुक किलोचा नग मिळाला की परदेशातला खरेदीदार रोख पैसे मोजतो, असे सांगतात. हा खरेदीदार मात्र प्रत्यक्ष कधी समोर येत नाही. माझ्या मते या धंद्याची खरी मेख इथेच आहे. एक दलाल दुसऱ्या दलालाला विकतो, दुसरा तिसऱ्याला, आणि प्रत्येकजण आपल्या पुढच्याकडे कोट्यधीश गिऱ्हाईक आहे असे धरून चालतो. साखळीच्या टोकाला बहुधा पोलीस असतात किंवा मग दुसरा एखादा फसवलेला माणूस. साप मात्र तोवर गोणीत गुदमरून मेलेला असतो.

पूर्वीही असे व्यवहार होत, नाही असे नाही. पण गारुड्याला गाव फिरावे लागे, दलालाला ओळख काढावी लागे, आणि परका माणूस गावात चार दिवस चौकशा करीत फिरला की ते पाटलाच्या कानावर जाई. आता ती अडचण राहिली नाही. एखादा तरुण मांडूळ हातात धरतो, शेजारी मोजपट्टी आणि वजनकाटा ठेवतो आणि व्हिडिओ काढतो. ‘विकणे आहे’ असे त्यात लिहीत नाहीत. ‘केवळ माहितीसाठी’ असे लिहितात. खाली पाहणाऱ्यांच्या प्रतिक्रिया येतात, त्यांत कुणी आपला दूरध्वनी क्रमांक टाकतो, कुणी नुसते वजन विचारतो. पुढचे सगळे बोलणे व्हॉट्सॲपच्या खाजगी गटात जाते. तिथला मजकूर पाठवणारा आणि घेणारा यांच्याखेरीज कुणाला वाचता येत नाही, खुद्द ती कंपनीही वाचू शकत नाही, अशी त्याची रचना आहे. म्हणजे दवंडी चव्हाट्यावर आणि सौदा बंद खोलीत. ही दवंडी एका रात्रीत बहराइचहून पुण्याला पोहोचते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा आहे. त्यात प्राण्यांच्या याद्या आहेत, त्यांना अनुसूची म्हणतात, आणि या अनुसूचींतल्या प्राण्यांची शिकार करण्यास मनाई आहे. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. शिकार म्हणजे मारणे, असे आपण समजतो. कायद्यात शिकारीची व्याख्या त्याहून रुंद आहे. पकडणे, सापळा लावणे, इजा करणे हे सगळे शिकारीत येते. ‘साहेब, आम्ही मारले कुठे, नुसते धरले’ हा बचाव चालत नाही. कलम ३९ प्रमाणे असा धरलेला प्राणी सरकारची मालमत्ता ठरतो. कलम ५२ प्रमाणे गुन्ह्याचा प्रयत्न करणारा आणि त्याला साहाय्य करणारा हेही गुन्हेगारच. आणि कलम ५७ तर फारच कडक आहे. सामान्यतः आपल्या न्यायात आरोप करणाऱ्याने तो सिद्ध करायचा असतो. या कलमात उलट आहे. वन्य प्राणी किंवा त्याचा अवयव तुमच्या ताब्यात सापडला तर तो बेकायदा ताबाच आहे असे धरून चालतात. तसे नाही हे तुम्ही सिद्ध करायचे.

कायद्यात २०२२ मध्ये मोठी दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. सहा अनुसूचींच्या चार झाल्या आणि दंड वाढले. सर्वसाधारण गुन्ह्याचा दंड पंचवीस हजारांपर्यंत होता, तो एक लाखापर्यंत गेला. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यांच्या बाबतीत कैद कमीत कमी तीन वर्षे आणि जास्तीत जास्त सात वर्षे, आणि वर दंड.

या कलमांमध्ये कोण सापडतो, याचा थोडा विचार करा. ज्याच्या हातात पिशवी आहे तो. बहुतेक वेळा तो गावातला विशी-पंचविशीतला मुलगा असतो. शेतात काम नाही, मोबाइल आहे, आणि त्यावर कोटी रुपये हा शब्द रोज ऐकू येतो. व्हिडिओ टाकणारा दुसऱ्या जिल्ह्यात, गट चालवणारा तिसऱ्या राज्यात, त्यांची नावेही खोटी. बोगस गिऱ्हाईक होऊन आलेला वनरक्षक किंवा पोलीस गाठतो तो या मुलाला. कायदा हाताला लागणाऱ्या वस्तूवर उभा आहे, आणि वस्तू नेहमी साखळीतल्या सर्वांत गरीब माणसाच्या हातात असते. त्याला सोडून द्यावे असे मी म्हणत नाही. पण एवढ्याने बाजार थांबत नाही, कारण तो दुसरीकडेच भरलेला असतो.

तो जिथे भरतो त्या जागेला वेगळा कायदा लागतो: माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २०००. त्याचे कलम ७९ समजून घ्यायला आपल्या आठवडे बाजाराचा दाखला घ्या. ग्रामपंचायत बाजाराचा लिलाव करते, ठेकेदार जागा आखून देतो आणि पावती फाडतो. एखाद्या दुकानदाराने पालाखाली चोरीचा माल ठेवला तर त्या चोरीबद्दल ठेकेदाराला धरत नाहीत. पण त्याला रीतसर कळवूनही त्याने ते पाल उठवले नाही तर मात्र जबाबदारी त्याच्यावर येते. यूट्यूब, फेसबुक, ऑनलाइन दुकाने यांना या कायद्यात ‘मध्यस्थ’ म्हणतात, आणि त्यांची स्थिती या ठेकेदारासारखी धरलेली आहे. ‘कळवणे’ म्हणजे काय, याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये श्रेया सिंघल प्रकरणात दिला: न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची रीतसर सूचना मिळाली म्हणजे मध्यस्थाला कळले असे धरायचे. कुणीही उठून ‘हे काढा’ म्हटले की काढावे लागले तर लोकांच्या बोलण्याच्या स्वातंत्र्यावर गदा येईल, ही न्यायालयाची काळजी रास्तच होती. त्याचा परिणाम मात्र असा की, तुमच्या-माझ्या तक्रारीवर मजकूर काढण्याची सक्ती कंपनीवर त्या निकालाने येत नाही. ती येते सरकारी यंत्रणा हलली म्हणजे.

पण ठेकेदाराचा हा दाखला एका ठिकाणी तुटतो. आमच्या वर्गात एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, मी एकदाच मांडुळाचा व्हिडिओ पाहिला, मग मला रोज तसलेच का दिसतात?” प्रश्न अगदी नेमका होता. आठवडे बाजाराचा ठेकेदार जागा देऊन मोकळा होतो. तुम्ही मेथी घ्यायला आलात तर तो तुमचा हात धरून तुम्हाला चोरीच्या मालाच्या पालाकडे नेत नाही. मोबाइलवरचा बाजार नेमके हेच करतो. कोणी काय पाहिले, किती वेळ पाहिले, कुठे थांबला याची नोंद यंत्र ठेवते आणि त्यासारखे आणखी पुढे सरकवते. यात त्याला मांडूळ कळत नाही, कायदाही कळत नाही. माणूस पडद्याला खिळून राहिला की जाहिराती दिसतात, एवढेच त्या कंपनीचे गणित. मला असे वाटते की, नुसती जागा देणारा आणि माल हातात आणून देणारा यांना एकच संरक्षण असू नये. कायद्याच्या जाणत्यांमध्ये यावर जगभर वाद चालू आहे, तो लवकर मिटेल असे दिसत नाही.

तुम्ही विचाराल, यंत्रालाच का सांगत नाहीत की मांडूळ हा शब्द आला की अडव? तसे प्रयत्न झालेले आहेत. पण धंदेवाले शब्द बदलतात. काही भागांत मांडुळाला ‘डबल इंजिन’ म्हणतात. आता हा शब्द अडवायचा तर रेल्वेचे सगळे व्हिडिओ अडतील! याहून बोलके उदाहरण हत्थाजोडीचे आहे. पूजासाहित्याच्या दुकानात दोन जोडलेल्या हातांसारखी दिसणारी वाळकी, काळपट वस्तू मिळे. ती एका दुर्मिळ वनस्पतीची मुळी आहे, तिजोरीत ठेवली की लक्ष्मी टिकते, असे सांगत. जगातल्या नामांकित ऑनलाइन दुकानांवर ती मुळी म्हणूनच विकली जात होती. २०१७ मध्ये वर्ल्ड ॲनिमल प्रोटेक्शन ही संस्था आणि ऑक्सफर्ड विद्यापीठातले संशोधक यांनी हे प्रकरण उजेडात आणले. मँचेस्टरच्या प्रयोगशाळेत नमुने तपासले तेव्हा निघाले असे की, ती मुळी नव्हे. ते नर घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय! आणि काही नमुने तर प्लॅस्टिकच्या साच्यातल्या नकला. म्हणजे घोरपडही मेली आणि भाविकही नाडला गेला.

घोरपड आपल्याकडे परकी नाही. तानाजीच्या सिंहगडाच्या लोककथेत तिला मानाचे स्थान आहे. कायद्याने ती पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. पण दुकानाच्या यादीत ‘घोरपड’ हा शब्दच नव्हता. होता तो ‘मुळी’. यंत्र शब्द पाहते, वस्तू पाहत नाही. वस्तू ओळखणारा माणूस कुठेतरी लागतोच, आणि तो परदेशातल्या कचेरीत बसलेला असून भागत नाही, त्याला इथली भाषा आणि इथल्या समजुती माहीत हव्यात.

सरकारी बाजूने काय झाले, तेही सांगितले पाहिजे. वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरो ही केंद्राची यंत्रणा २००७ मध्ये उभी राहिली. २०१६ मध्ये त्या वेळचे केंद्रीय पर्यावरण मंत्री अनिल माधव दवे यांनी सांगितले की, दुर्मिळ प्राणी आणि त्यांचे अवयव यांच्या जाहिराती १०६ संकेतस्थळांवर आढळल्या आहेत. २०१८ च्या मार्चमध्ये तंत्रज्ञान क्षेत्रातल्या एकवीस कंपन्या आणि वन्यजीव संस्था यांनी एकत्र येऊन हा ऑनलाइन व्यापार रोखण्याचे ठरवले. पण ते ठरवणे स्वेच्छेचे आहे, त्याला कायद्याचे बळ नाही. २०२१ च्या नियमांनी प्रत्येक मध्यस्थाला तक्रार निवारण अधिकारी नेमणे आणि त्याचे नाव-पत्ता जाहीर करणे बंधनकारक केले, ही त्यातल्या त्यात सामान्य माणसाच्या उपयोगाची गोष्ट.

यंत्राचा उपयोग रक्षणासाठीही होतो, हे विसरून चालणार नाही. जंगलात झाडाला बांधलेले कॅमेरे आहेत, वनरक्षकाची गस्त कुठून कुठे झाली हे दाखवणारी यंत्रणा आहे, वाघाच्या गळ्यात पट्टा बांधून उपग्रहाद्वारे त्याचा ठावठिकाणा कळतो. पण ठावठिकाणा ज्याच्या हाती पडेल त्याचा तो. मध्य प्रदेशातल्या पन्ना व्याघ्र प्रकल्पाचे उदाहरण पाहा. शिकारीमुळे २००९ पर्यंत तिथे एकही वाघ उरला नव्हता. बाहेरून वाघ आणून त्यांची संख्या मोठ्या कष्टाने पुन्हा उभी केली. २०१३ मध्ये तिथल्या एका पट्टा बांधलेल्या वाघाची माहिती ज्या ईमेलवर येत होती, ते उघडण्याचा कुणीतरी प्रयत्न केला. तो प्रयत्न पुण्यातून झाल्याचे दिसले. नेहमीपेक्षा वेगळी हालचाल दिसल्याने यंत्रणेनेच तो अडवला. करणारा शिकारी होता की नुसता उपद्व्यापी, हे सिद्ध झाले नाही. तरी एक गोष्ट मात्र कळली की, कुलूप नुसते जंगलाच्या फाटकाला असून पुरत नाही.

शिक्षकांना यातून सांगण्यासारखे एक आहे. मुलांना घेऊन तुम्ही डोंगरावर जाता. घुबडाचे घरटे, खवल्या मांजराचे बीळ दिसते आणि उत्साहाने छायाचित्र गटावर टाकले जाते. पुष्कळ मोबाइल छायाचित्रातच त्या जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवतात. चित्र मूळ स्वरूपात पाठवले तर ती नोंदही बरोबर जाते. कॅमेऱ्याच्या मांडणीत स्थाननोंद बंद करण्याची सोय असते, ती सहलीपूर्वी बंद करून घ्यावी. चित्राखाली ओढ्याचे, वाडीचे नाव लिहू नये. ‘आमच्या तालुक्यात’ एवढे पुरे.

आणि मांडुळाचा व्हिडिओ तुमच्या गावच्या गटावर आलाच, तर? पहिली गोष्ट, ‘बघा कसे नालायक लोक आहेत’ असे लिहून तो पुढे पाठवू नका. रागाने पाठवला काय नि कौतुकाने काय, जाहिरात व्हायची ती होते. दुसरे, पाठवणाऱ्याला लगेच फटकारून तो पुसायला लावू नका. पुसला की पुरावाही गेला. भारतीय साक्ष अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे मोबाइल किंवा संगणकातला पुरावा न्यायालयात मान्य व्हायला ठरावीक प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि ज्या यंत्रात मूळ मजकूर आहे ते महत्त्वाचे ठरते. म्हणून पडद्याचे छायाचित्र घ्या, त्यात तारीख, वेळ, पाठवणाऱ्याचा क्रमांक आणि व्हिडिओचा दुवा दिसू द्या, मूळ निरोप जपून ठेवा आणि वनविभागाला कळवा. महाराष्ट्र वनविभागाचा ‘हॅलो फॉरेस्ट’ हा दूरध्वनी क्रमांक १९२६ असा चार आकडी आहे. गिऱ्हाईक असल्याचे सोंग घेऊन स्वतः तपास करायला मात्र जाऊ नका. कलम ५७ वर सांगितलेच आहे, पिशवी तुमच्या हातात असताना धाड पडली तर समजावता समजावता पुरेवाट होईल.

प्रत्यक्ष मांडूळच शेतात निघाले तर काही करायचे नाही. नांगर थोडा थांबवा, ते आपणहून सरकते. विहिरीत किंवा घरात अडकले असेल तर वनविभागाला अथवा त्याने मान्यता दिलेल्या सर्पमित्राला बोलवा. त्याचा फोटो काढण्याचा मोह होईल. काढलात तर तो तुमच्याजवळच राहू द्या, आणि कुणी वजन विचारले तर सांगू नका.